मुळ्या उघडायचे दिवस

दसरा झाला की उत्तरेश्वरचं ताट घराबाहेर जायचं. गोठ्याच्या भिंतीला लागून एक चपटा दगड होता, त्या दगडावर. बहीण वच्छलाबाई भाकरी वरून टाकायची, कालवण वरून ओतायची आणि पाण्याचा तांब्या लांब ठेवून आत जायची. ह्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खुद्द उत्तरेश्वरलाही पुष्कळ वर्षं वाटलं नाही. त्या दिवसांत त्याच्या अंगाला जो वास यायचा तो त्याचा त्यालाच सोसत नव्हता. घास तोंडापाशी नेला की आधी हाताचा वास नाकात शिरायचा. मग डोळे मिटून, श्वास रोखून तो भाकरी कशीबशी गिळायचा आणि उरलेली कुत्र्याला टाकायचा. कुत्रं मात्र आवडीनं खायचं, आणि वर त्याचे हात चाटायला यायचं. त्याची तर त्याला फारच किळस यायची.

मांजरसुंब्याच्या घाटाखाली, कपिलधारला जाणाऱ्या वाटेवर ह्या भावंडांचा मळा होता. राज्य निजामाचं. बीडला तालुकदार बसायचा, गावात पाटील-पटवारी, आणि शिवारात जिकडे पाहावं तिकडे ज्वारी नाहीतर करडई. द्राक्षाची बाग म्हणाल तर ह्यांचीच. बापानं कधीकाळी दौलताबादच्या एका बागवानाकडून काड्या आणल्या होत्या. त्या लावल्या, पांगाऱ्याची झाडं टेकूला उभी केली, वेल त्यांवर चढवले, आणि मुरमाड जमिनीत द्राक्षं पिकवून दाखवली. काड्यांबरोबर त्या बागवानानं खताची रीतही सांगितली होती. बापानं ती मान खाली घालून ऐकली. घरी आल्यावर बायकोलासुद्धा लवकर सांगितली नाही.

घर लिंगायताचं होतं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. वाटेत अंड्याचं टरफल पडलेलं दिसलं तरी वळसा घालून जाणारी माणसं. आणि द्राक्षाच्या मुळाशी घालायची होती सुकी मासळी नि बकऱ्याचं रगत. नुसत्या शेणखतावर वेल पानं देतो, घड देत नाही, असं त्या काळचा दरेक बागवान शपथेवर सांगायचा. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक. बापानं एक साल शेणखतावर काढून पाहिलं, घड धरले नाहीत. पुढच्या साली तो गुपचूप बीडच्या बाजारातून मासळीची पोती घेऊन आला.

बाप गेला तेव्हा हे काम रीतीनं थोरल्याकडे यायला हवं होतं. थोरले त्रिंबकअप्पा. ते बापाच्या दिवसाला आलेल्या पाहुण्यांसमोर गहिवरून म्हणाले, "बाग म्हंजी बापाची समाधी हाय." आणि पाहुणे गेल्यावर धाकट्याला गोठ्यात नेऊन म्हणाले, "ते तसलं काय घालायचं ते तू घाल. मला सांगू नगंस. मला इचारूबी नगंस."

त्या दिवसापासून बागेची माती उत्तरेश्वरची झाली आणि बागेचं नाव त्रिंबकअप्पांचं.

मातीचं काम उत्तरेश्वरला फार चांगलं यायचं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. पाऊस उघडला की तो बागेचं पाणी तोडायचा. वेलाला तहान लागू द्यायची, पानं पिवळी पडू द्यायची. मग रोज सकाळी मूठभर माती उचलून दाबायची आणि खाली टाकून बघायची. गोळा झाला तर अजून ओल आहे, भुगा झाला तर उशीर झाला. पडल्यावर दोन-चार ढेकळं होऊन सुटी झाली की वाफसा आला. वाफसा सगळ्या बागेला एकदम येत नाही. उताराच्या वरच्या ओळी आधी सुकतात, ओढ्याकडच्या मागाहून. त्यामुळे तो वरून सुरुवात करायचा. दोन ओळींमधली जमीन आधी कुदळून घ्यायची. औत तिथं चालत नाही, फाळ मुळ्या तोडतो. मग एकेका वेलाभोवती आळं उकरायचं, बुंध्याजवळची माती हातानं काढायची, केसांसारख्या बारीक मुळ्या छाटून टाकायच्या आणि जाड मुळ्या उन्हाला उघड्या ठेवायच्या. ऊन खाल्लं की आळ्यात खत भरायचं, माती ओढायची, आणि मग वर छाटणी करून पाणी सोडायचं. ह्यात त्याचा एक नियम होता, तो त्यानं बापाकडून घेतला होता. जेवढ्या ओळी वेळेत झाकता येतील तेवढ्याच उघडायच्या. मुळ्या जास्त दिवस उन्हात राहिल्या की वेल मेलाच समजा.

इथवरचं काम त्याला आवडायचं. कोरड्या मातीला वास चांगला येतो. पुढचं काम मात्र नकोसं. मळ्यातल्या गवती सपराच्या मागं खड्डा होता. त्यात मासळी आणि खाटकानं मडक्यांतून दिलेलं रगत शेणामुतात कालवून सडत ठेवलेलं असायचं. वरचा पाचोळा बाजूला केला की माशांचा ढगच उठायचा. त्या माशा तोंडावर बसायच्या, ओठांवर बसायच्या. पाटीनं काढायचं म्हटलं तरी शेवटी हात घालावाच लागायचा, कारण मुळीमुळीशी ते हातानंच सारावं लागतं. नखांत जायचं, दंडाला ओघळायचं. बाभळीच्या राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, तरी दिवाळी उलटेपर्यंत वास जायचा नाही.

आणि ह्या कामाला जाताना तो गळ्यातलं लिंग काढून घरच्या कोनाड्यात ठेवायचा. लिंगायतानं जीव गेला तरी लिंग अंगावेगळं करू नये. हे त्याला ठाऊक होतं. पण लिंग गळ्यात ठेवून त्या खड्ड्यात वाकायचं, हे त्याच्यानं होईना. दोन पापांतलं कोणतं मोठं हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचीही सोय नव्हती. घरात सगळ्यांना सगळं माहीत होतं. कोनाड्यातलं लिंग वच्छलाबाईला दिसायचं, त्रिंबकअप्पांनाही दिसायचं. अप्पा त्या दिवसांत कोनाड्याकडे पाठ करून पूजेला बसायचे.

दोघा भावांच्या बायका प्लेगात गेल्या होत्या. वच्छलाबाई लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. तिघांचं घर. त्यात एकाचं ताट वर्षातून महिनाभर दगडावर.

माघात शिवरात्र येते, तेव्हा पहिली द्राक्षं उतरायची. पहिली टोपली कपिलधारला स्वामींच्या समाधीपुढं ठेवायची, असा बापाचा नेम होता. टोपली त्रिंबकअप्पा डोक्यावर घ्यायचे. पांढरंशुभ्र धोतर, अनवाणी पाय, डोळे अर्धे मिटलेले. वाटेत माणसं बाजूला व्हायची, बायाबापड्या पाया पडायच्या. उत्तरेश्वर मागून चालायचा. धबधब्याच्या आवाजात टोपली समाधीपुढं ठेवली जायची, लिंगायतांचे गुरू जंगमस्वामी त्यातले घड सगळ्यांना वाटायचे. लोक मिटक्या मारत खायचे, साली थुंकायचे, बिया थुंकायचे. पायऱ्यांवर थुंकीचा नुसता चिखल व्हायचा. उत्तरेश्वरनं जन्मात त्यातला एक मणी तोंडात घातला नव्हता. घातला असता तर तो घशाखाली उतरला नसता.

एका शिवरात्रीला पाटोद्याकडचे एक देशमुख दर्शनाला आले होते. त्यांनी दोन मणी खाल्ले आणि विचारलं, "लई गोड हाय की अप्पा! खत काय घालता?"

त्रिंबकअप्पांनी समाधीकडे बघून हात जोडले. "शेण, गोमूत्र अन् स्वामींचं नाव. दुसरं कायबी न्हाई. सोवळ्यातली बाग हाय आमची."

"अन् राबतं कोण?"

"गडी हायेत. ह्यो धाकटा पानी पाजतो." असं म्हणून त्यांनी उत्तरेश्वरच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच तो उपरण्याला पुसला.

माघ महिना होता. अंगाला वास नव्हता, काही नव्हतं. तरी त्यांनी हात पुसला.

उत्तरेश्वरला शिसारी आली. खड्ड्यातलं रगत पाहून यायची तशी नव्हे, त्याहून वाईट. रगत निदान आपण रगत आहोत हे लपवत नाही. हा माणूस त्याच रगतावर पिकलेला घड डोक्यावर मिरवत होता, त्याच द्राक्षांच्या पैशानं धोतरं घेत होता, आणि ज्या हातांनी ते मुळाशी घातलं त्या हातांचा विटाळ मानत होता. उत्तरेश्वर प्रसाद न घेता निघाला. ओढ्याच्या काठी बसून त्यानं ओकारी काढली, तोंड धुतलं आणि एकटाच घरी आला. वाटभर त्याच्या मनात एकच गोष्ट होती. दादानं एकदा, फक्त एकदा त्या खड्ड्यात हात घातला पाहिजे.

तो उन्हाळा त्यानं गप्प बसून काढला. पावसाळाही काढला. दसरा झाला, वाफसा आला. त्या साली त्यानं बापाचा नियम मोडला. वरच्या ओळीपासून ओढ्याकडच्या ओळीपर्यंत सगळी बाग त्यानं एका दमात उघडली. दरेक वेलाच्या मुळ्या उन्हात नागड्या पडल्या. मग कुदळ खांद्यावर टाकून तो घरी आला आणि त्रिंबकअप्पा ओट्यावर विभूती लावत बसले होते, त्यांच्यापुढं कुदळ ठेवली.

"माझं उघडून झालं. झाकायचं तुमी बघा."

"म्हंजी?"

"खड्डा सपरामागं हाय. पाटी तिथंच हाय. तुमचे हात लावा, दादा. एक येळ. मग मरंस्तवर मी करतो, एक सबूद बोलणार न्हाई."

त्रिंबकअप्पांची बोटं कपाळावरच थांबली. "खुळा झालास का बे? मुळ्या वाळतील!"

"वाळतील."

"बापाची बाग हाय ती!"

"मंग बापासारखे हात घाला की. त्यानं घातले व्हते."

अप्पा उठले, आत गेले आणि पूजेला बसले. त्या दिवशी ती पूजा काही केल्या संपेना.

उत्तरेश्वर मळ्यात जाऊन विहिरीच्या काठावर बसला. दुसऱ्या दिवशीही बसला, तिसऱ्याही. आळ्यांतली माती पांढरी पडत चालली. मुळ्यांची साल आकसली. वरच्या ओळीतला एक वेल त्यानं हलवून पाहिला तर त्याला आधी असायचा तसा जोर नव्हता. त्याच्या जिवाची घालमेल होत होती. बाग त्याचीच होती. तिचा दरेक बुंधा त्याच्या हाताला ओळखीचा. चार पाट्या माती ओढली की संपलं, असं सारखं मनात यायचं. तो उठायचा, आळ्यापाशी जायचा आणि भावाचा उपरण्याला पुसलेला हात आठवून परत बसायचा. ह्या हट्टाची त्याची त्यालाच किळस यायला लागली. पण सुटत नव्हता.

मग एका सकाळी मळ्याकडे येताना वाटेतच तो वास आला. खड्डा उघडल्याशिवाय तो वास येत नाही.  आले! दादा आले! उत्तरेश्वर पळतच सुटला. इतकी वर्षं ज्या वासानं त्याला मळमळायचं, तो वास त्या सकाळी त्याला अत्तरासारखा वाटला.

वरच्या ओळीत कुणीतरी वाकलेलं होतं. लुगड्याचा काष्टा खोचलेला होता.

वच्छलाबाई होती. कोपरापर्यंत हात माखलेले, गालावर एक ओघळ, पापण्यांवर माशा. ती मुळीमुळीशी खत सारत होती आणि मनगटानं माती ओढत होती. माशा हाकलायला तिला मोकळा हात नव्हता, म्हणून ती मान झटकत होती.

"तू?" उत्तरेश्वर म्हणाला. "तू कावून आलीस?"

"दादा म्हनले, तू रोज शेनात हात घालतीसच की, ह्ये काय येगळं हाय?" ती वर न बघता म्हणाली. "म्हनले, बाग वाचंल. कुनाला सांगू नगंस."

उत्तरेश्वर आळ्याच्या कडेला बसला. एवढा डाव मांडला तो भावाचे हात माखावेत म्हणून, आणि माखले ते हिचे. त्यानं टाकलेलं ओझं वर थोरल्याकडे चढणार नव्हतंच. ते खालीच घरंगळणार, हे त्याच्या लक्षात कसं आलं नाही? त्रिंबकअप्पांचा त्याला राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची घाण वाटली. तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या गळ्याकडे गेलं. काळ्या दोऱ्यात बांधलेलं लिंग वाकल्यामुळे पुढं लोंबत होतं.

"वच्छे, लिंग काढलं न्हाईस?"

"कावून काढू?" आता तिनं वर पाहिलं. "कोनाड्यात ठिवलं म्हंजी त्याला दिसत न्हाई व्हय, तात्या? तुमी इतकी सालं ठिवत आलात. त्याला काय कळलं न्हाई आसं वाटतंय तुमाला?"

 सवयीनं उत्तरेश्वरचा हात आपल्या गळ्यातल्या दोऱ्याकडे गेला, तिथंच थांबला आणि खाली आला. मग त्यानं पाटी उचलली आणि खड्ड्याकडे गेला. दोघांनी मिळून बाग झाकली. वरच्या दोन ओळी मात्र गेल्या. त्यांच्या मुळ्या हाताला काड्यांसारख्या लागत होत्या, त्या उपटून टाकाव्या लागल्या. ते काम उत्तरेश्वरनं एकट्यानं केलं. वच्छलाबाईला त्यानं त्या ओळीत येऊ दिलं नाही.

ती बाग झाकून होईपर्यंत त्रिंबकअप्पा जंगमस्वामींच्या घरी जेवले. संध्याकाळी वच्छलाबाईनं भाकरी थापल्या, आणि घरात कुणी नसताना, कुणी सांगितलं नसताना, दोन ताटं उचलून दगडावर नेऊन ठेवली. उत्तरेश्वर त्या दोन ताटांकडे बघत राहिला. तिचं ताट त्याच्यामुळे तिथं आलं होतं. त्या रात्री त्याला घास गिळवेना, पण ह्या खेपेला त्याचं कारण हाताचा वास नव्हतं.

शिवरात्र आली. उरलेल्या ओळींनी घड चांगले दिले. त्रिंबकअप्पांनी पांढरं धोतर नेसलं, टोपली डोक्यावर घेतली, डोळे अर्धे मिटले. ह्या साली वच्छलाबाईही बरोबर निघाली. समाधीपुढं टोपली ठेवल्यावर अप्पांनी माणसं जमलेली पाहिली आणि त्यांच्यानं राहवेना.

"औंदा आमच्या भनीनं सवता माती झाकली," ते म्हणाले. "इधवा बाई, पर भाव बघा! तिच्या पुन्याईचं फळ हाय ह्ये."

जंगमस्वामी खूश झाले. टोपलीतला सगळ्यांत मोठा घड त्यांनी वच्छलाबाईच्या ओंजळीत घातला. उत्तरेश्वरला वाटलं, आता जमीन फाटावी. हा माणूस तिची दगडावरची भाकरीसुद्धा विकून खाईल.

वच्छलाबाईनं घड कपाळाला लावला. मग ती त्रिंबकअप्पांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि ओंजळ पुढं केली.

"दादा, आधी तुमी खा. ह्याच्या बुडाला मासळी हाय अन् बकऱ्याचं रगत हाय. मीच घातलंय ह्या हातानं. त्याच्या आधी तात्या घालीत व्हते, त्याच्या आधी बाबा. पुन्याई आसंल तर समद्यांची हाय. खा."

तिचा आवाज मोठा नव्हता, पण पायऱ्यांवरच्या सगळ्यांना ऐकू गेला. एका म्हातारीनं तोंडातला मणी तसाच गालात धरून ठेवला. जंगमस्वामी धबधब्याकडे बघायला लागले.  आता दादा ओंजळ झिडकारतील, ओरडतील, नाहीतर तिथंच भोवळ येऊन पडतील, असं उत्तरेश्वरला वाटलं. त्यातलं काहीही झालं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं.

त्रिंबकअप्पांनी आजूबाजूला पाहिलं. मग एक मणी तोडला, तोंडात टाकला, सावकाश चावला.

"गोड हाय," ते म्हणाले. आणि दुसरा तोडला.

 म्हातारीनं गालातला मणी गिळला. "देवाला दावलेलं हाय, आता त्याचं काय," असं कुणीतरी पुटपुटलं. जंगमस्वामी म्हणाले, "वाटा, वाटा." हात पुढं आले, टोपली रिकामी झाली. कुणी विचारलं नाही, कुणी नाक मुरडलं नाही. उत्तरेश्वर त्या चघळणाऱ्या तोंडांकडे बघत होता. त्याला कळून चुकलं की ह्यातल्या निम्म्यांना आधीच ठाऊक होतं. राग आलाच असेल तर तो वच्छलाबाईनं बोलून दाखवलं ह्याचा आला होता. साली आणि बिया पायऱ्यांवर पडत राहिल्या, आणि त्यांतून पाय कुठं टाकावा हे त्याला समजेना.

परतताना रिकामी टोपली वच्छलाबाईच्या काखेत होती. अप्पा पुढं चार माणसांत चालत होते. ओढ्यापाशी आल्यावर ती थांबली.

"तात्या, फुडच्या दसऱ्याला मुळ्या उघडताना मला बोलवा. दोघं मिळून करू."

"आता नगं बाई. तुला त्या खड्ड्यात..."

"करनार हाय मी. पर येक सांगते, जेवायला दोघंबी आत बसायचं. चुलीम्होरं. त्या दगडावर मी पुन्ना ताट नेनार न्हाई, तुमचं न्हाई अन् माजंबी न्हाई."

पुढचा दसरा झाला. वाफसा आला. उत्तरेश्वरनं वरून सुरुवात केली, जेवढ्या ओळी दोघांना झाकता येतील तेवढ्याच उघडल्या. दोघांच्या गळ्यांत लिंग होतं, दोघांच्या ओठांवर माशा होत्या. किळस काही कमी झाली नव्हती. ती तशी कधी होणारही नव्हती. संध्याकाळी हातपाय राखेनं घासून दोघं घरी आली. वच्छलाबाईनं चुलीपुढं तीन पाट मांडले, तीन ताटं वाढली आणि उत्तरेश्वरला म्हणाली, "बसा."

तो बसला. शेजारी ती बसली. त्रिंबकअप्पा आले, पाटावर टेकले आणि त्यांनी घास उचलला. तो तोंडापर्यंत गेला नाही. त्यांनी उपरणं नाकाला लावलं, एकदा भावाकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. कुणीच उठेना. शेवटी तेच उठले. आपलं ताट दोन्ही हातांत धरून ते बाहेर गेले, अंधारात थोडे चाचपडले, आणि गोठ्याच्या भिंतीजवळच्या त्या दगडावर बसून जेवायला लागले.

"दादा, कालवण आणू का आनखी?" वच्छलाबाईनं आतून विचारलं.

"वरून वाढ," बाहेरून उत्तर आलं.